टाकी आतून कोण घासतं?

आदरणीय विहीणबाई यांस,

मुलीच्या आईने मुलाच्या आईला जितकं वाकून करायचा असतो तितका वाकून नमस्कार. (खरं सांगायचं तर जरा कमीच वाकले आहे, कारण कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईल.) तुमच्या गुडघ्यांना त्या नव्या तेलाने उतार पडला असेल अशी आशा आहे. व्याहीबुवांची कवळी बसली का नीट? मागच्या भेटीत ते एक बोलत होते आणि कवळी दुसरंच बोलत होती, आणि आम्ही दोघांनाही मान डोलावत होतो. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे जावईबापू, तर खास सुखरूप आहेत. त्या ‘खास’साठीच हे पत्र लिहायला बसले आहे.

तुम्ही म्हणाल, फोन का नाही केला? विहीणबाई, फोनवर आधी तुम्ही बोलता, आणि माझी पाळी आली की नेमकं तुमच्या दारात कुणीतरी येतं. पत्रात मधे बोलता येत नाही ही मोठी सोय आहे. (राग मानू नका, कौतुकाने लिहिलं आहे.) तुमचा निरोप पोचला. ‘तुझ्या आईला हवापालटाची गरज आहे,’ असं तुम्ही लेकीजवळ म्हणालात. तिने तो चांगला मऊ करून सांगितला, पण मी तिची आई आहे. ती भात मऊ करते तेव्हा आधी तो किती कच्चा राहिला होता हे मला कळतं. मूळ निरोप ‘बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय’ असाच असणार. जावईबापूंनी तुम्हाला सांगितलं असेल की सासूबाईंनी भुताचं निमित्त करून ऐन हंगामात माझं विमान जमिनीवर बसवलं. ते खोटं नाही. पण मागचंपुढचं गाळून सांगितली की खरी गोष्टही येड्यासारखी दिसते. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

माझं काम काय हे तुम्हाला लग्नातही नीट कळलं नव्हतं. तुम्ही तुमच्या पाहुण्यांना ‘त्या विमानात असतात’ असं सांगितलंत, आणि तुमच्या चुलत नणंदेने मला विचारलं की वर चहा सांडत नाही का. मी विमानात नसते, विहीणबाई. मी विमानाच्या टाकीत असते, आणि तीही फक्त खांद्यापर्यंत. शेतांवर औषध फवारणारी ती छोटी विमानं असतात ना (तुमचे चिरंजीव उडवतात तीच), त्यांच्या पंखात पेट्रोलची ॲल्युमिनियमची टाकी असते. लांबट, चपटी, पत्र्याच्या ट्रंकेसारखी. हादरे बसून बसून तिला चिरा पडतात. मग ती उतरवून आमच्या कारखान्यात येते. आधी तिच्यात वाफ सोडून पेट्रोलचा वाससुद्धा घालवतात (नाहीतर वेल्डर आणि टाकी दोघंही विमानाशिवायच वर जातील), आणि मग आमचा वेल्डर ती सांधतो. त्याला सगळे ठिणगी म्हणतात. धंद्यावरून नव्हे, स्वभावावरून. सांधताना तो एक पांढरी पूड लावतो, तिला फ्लक्स म्हणतात. तिच्याशिवाय ॲल्युमिनियम जुळत नाही. पण जुळल्यावर ती आत राहिली तर ओल धरते आणि तोच सांधा हळूहळू खाऊन टाकते. लग्न जुळवणारा मध्यस्थ लग्नानंतर त्याच घरात मुक्कामाला राहिला तर काय होईल, तसंच. त्या मध्यस्थाला घराबाहेर काढणं हे माझं काम. उकळतं पाणी, ते कोमट झालं की ब्रश, मग पातळ तेजाब भरून ठेवायचं (तेव्हा हात घालत नाही, काळजी नसावी), मग पुन्हा गरम पाणी. शेवटी आतलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी तसंच राहिलं तर टाकी स्वच्छ. दुधासारखं झालं तर त्या पुडीचा खार अजून आत आहे, पुन्हा पहिला पाढा.

हे काम मला मिळालं ते माझा हात बारीक म्हणून. टाकीच्या तोंडातून तो खांद्यापर्यंत जातो. आत भोकं पाडलेले आडवे पत्रे असतात, पेट्रोल हिंदकळू नये म्हणून. आम्ही त्यांना पडदे म्हणतो. पहिल्या पडद्यापलीकडे माझी बोटं जेमतेम पोचतात. दुसऱ्यापलीकडे लांब दांड्याचा ब्रश जातो, पण मी जात नाही. हात आत घातला की तोंड बुजतं, म्हणून डोळ्यांचा उपयोग नाही. कान गार पत्र्याला टेकवून, समोरच्या भिंतीकडे बघत घासायचं. आतून आपलाच श्वास ऐकू येतो, पण जरा उशिरा, जणू कुणी तो आधी घेऊन बघतंय आणि मग परत देतंय. याची सवय होते. सवय होत नाही ती दुसऱ्या गोष्टींची.

तर जावईबापूंच्या विमानाच्या उजव्या पंखातली टाकी आली. ठिणगीने सांधली, सुरेख सांधली. मी धुतली, पेल्यात थेंब टाकले, तर पाणी दूध. पुन्हा धुतली. दूध. तेजाब, गरम पाणी, ब्रश. दूध. साहेब (आमच्या कारखान्याचे प्रमुख, भला माणूस, पण ॲसिडिटीमुळे सदा पोटावर हात ठेवून असतात) म्हणाले, बाई, दुभती टाकी दिसतेय. सगळे हसले. मीही हसले, कारण साहेब क्वचित विनोद करतात आणि केल्यावर आजूबाजूला बघतात. बाहेर जावईबापू फेऱ्या मारत होते. शेतकऱ्यांची बोलावणी येत होती, आणि त्यांचं विमान एका पंखाने रिकामं होऊन उभं होतं.

दुपारी सगळे जेवायला अंगणात गेले. मी म्हटलं, एकदा शेवटचं घासून मग जाते. शेड रिकामी होती. वरच्या झडपांतून उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर पडल्या होत्या, नळ थेंब थेंब गळत होता, बाकी चिडीचूप. मी कान पत्र्याला लावून घासत होते आणि ओल्या हातातून ब्रश निसटला. दुसऱ्या पडद्यामागे पडल्याचा आवाज आला. मी बोटं ताणून चाचपडू लागले, तर दांडा माझ्या तळव्यात आला.

आधी वाटलं, ब्रश घरंगळत आला. पण घरंगळणारा ब्रश कसाही येतो. हा दांडा पुढे करून आला होता, आपण कुणाला कात्री देताना देतो तसा. आणि माझी मूठ वळेपर्यंत पलीकडून कुणीतरी तो धरून ठेवला होता. मी धरला, मग पलीकडची पकड सुटली.

तुम्ही विचाराल, तुम्ही काय केलंत? मी ‘थँक्यू’ म्हणाले. (चांगल्या वळणाचा हा तोटा आहे, तो घाबरायच्याही आधी बाहेर पडतो.) मग हात बाहेर काढला, उपड्या बादलीवर बसले आणि ब्रश मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. ब्रश माझ्या मांडीवर होता, आणि टाकीतून घासण्याचा आवाज येत होता. हळू, एका लयीत. ब्रशचा नव्हे. नखांचा.

पळायला हवं होतं. पण गमबुटात पळता येत नाही, आणि अंगणात जाऊन सांगणार काय? शिवाय एक सांगू का विहीणबाई, तो आवाज ऐकून मला भीतीआधी वाईट वाटलं. कुणीतरी बाई नखांनी पत्रा घासतेय आणि आपण ब्रश घेऊन बसलोय, हे मनाला पटेना. मी पुन्हा हात आत घातला आणि ब्रश पुढे केला. तो अलगद काढून घेतला गेला. आणि ज्या कोपऱ्यात माझा हात जन्मात गेला नसता, तिथून खसाखस आवाज येऊ लागला. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या हातातलं काम काढून घेऊन ‘आण इकडे, मी करते’ असं आजवर घरात कुणी केलं नव्हतं. (‘ह्यांनी’ एकदा ताट उचललं होतं, पण ते खालची मांजर बघायला.) त्यामुळे मी, लाज वाटते लिहायला, थोडा वेळ तशीच उभी राहिले आणि घासू दिलं.

मग घासणं थांबलं आणि माझ्या बोटांवर बोटं आली. बाईचीच असावीत. कोमट, टोकांना सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी. ती मी हजारांत ओळखीन, कारण माझीही तशीच आहेत. अंगठी नव्हती. त्यांनी माझी तर्जनी धरली आणि ओढली. दुसऱ्या पडद्यापलीकडे माझा हात पोचत नाही हे मी वर लिहिलं आहे. त्या दुपारी पोचला. कसा, ते माझ्या खांद्याला विचारा, अजून जाग्यावर आलेला नाही. तिथे, ठिणगीच्या सांध्याच्या बाजूला, माझ्या बोटाला एक रेघ लागली. कपाला गेलेला तडा ओठाला लागतो ना, तशी. त्या हाताने माझं बोट त्या रेघेवर टेकवलं आणि धरून ठेवलं. मी सोडवून घ्यायला बघितलं. सोडेना. दुखवलं नाही हो, पण जत्रेत आई मुलाचं मनगट धरते तसं धरलं होतं.

मंडळी जेवून परत आली तेव्हा मी गाल पत्र्याला चिकटवून, कमरेत वाकून, तशीच उभी होते. (कंबर कशी धरली ते आता लक्षात आलं असेल.) मी सांगितलं, आत तडा आहे, दुसऱ्या पडद्यामागे. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “हवा भरून, साबणाचं पाणी लावून बघितलंय. बुडबुडा आला नाही. पण तुम्ही म्हणता तर पुन्हा बघू. हात काढा.”

“काढता येत नाही.”

“अडकलाय?”

“नाही. धरलाय.”

ठिणगीला वाटलं मी त्याच्या सांध्याला नावं ठेवतेय. तो तावातावाने आला, “कुणी धरलाय? बघू!” असं म्हणत त्याने टाकीला कान लावला. आणि विहीणबाई, त्या माणसाचा चेहरा असा उतरला की मला त्याचीच कीव आली. मी विचारलं, काय ऐकू आलं रे? तो म्हणाला, “बाई, तुम्ही श्वास कितीदा घेता?” मी म्हटलं, सगळे घेतात तितकाच. तो म्हणाला, “मग हा दुसरा कुणाचा?”

तेवढ्यात जावईबापू आत आले. त्यांनी सगळं बघितलं आणि ते हसले. मग हसायचे थांबले आणि चिडले. “आई, लोक वाट बघतायत. पिकाला कीड लागलीये. तुम्हाला मला उडू द्यायचं नसेल तर सरळ सांगा, हे असलं नको.” त्यांचंही चुकलं नाही, मला त्यांचं उडणं आवडत नाही हे त्यांना ठाऊक आहे. ते शेतावरून झाडांच्या उंचीने जातात तेव्हा माझी लेक अंगणात यायची सोडून घरात जाऊन बसते, हे मात्र त्यांना ठाऊक नाही. मी म्हटलं, “मी नाही अडवत हो. मला सोडलं तर मी आत्ता हात काढते.”

साहेबांनी बराच वेळ पोटावरून हात फिरवला. मग म्हणाले, “ठीक आहे. तिथे कापून बघू.”

‘कापू’ म्हणायचा अवकाश, माझं बोट सुटलं. तीच बोटं माझ्या हाताच्या पाठीवर दोनदा थोपटल्यासारखी लागली आणि मी धडपडत मागे, बादलीसकट.

कापलं. आतल्या बाजूने चिरत आलेला, बोटभर लांब तडा होता, आणि त्यात पांढरी पूड ठासून बसलेली. बाहेरून कागदाइतका पत्रा उरला होता. म्हणून बुडबुडा येत नव्हता आणि म्हणूनच पाणी दूध होत होतं. साहेब म्हणाले, दोन-चार उड्डाणांत उघडली असती. कुठे उघडली असती ते ते बोलले नाहीत. ठिणगी काहीच बोलला नाही, हे आमच्या कारखान्यात प्रथमच घडलं.

आता तुम्हाला वाटेल, जावईबापूंनी माझे आभार मानले असतील. छे! टाकी पुन्हा सांधेपर्यंत हंगाम हातचा गेला, आणि त्यांच्या बरोबरीचे वैमानिक त्यांना बघून म्हणू लागले की याच्या डोक्यावर सासूचा हात आहे, आणि तोही दुसऱ्याच कुणाचा. पुरुषमाणसाला जीव वाचल्याचं कळायला वेळ लागतो, हसं झाल्याचं लगेच कळतं. टाकी पुन्हा सांधून माझ्याकडे आली त्या दिवशी ते काळा चष्मा लावून तरातरा शेडमध्ये आले, बाही वर सारली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “आज याचा निकाल लावतो.” आणि हात टाकीत घातला.

तुमच्या मुलाचा दंड चांगला पोसलेला आहे, विहीणबाई, त्याबद्दल तुमच्या हाताला मानलं. पण ते भोक माझ्या मापाचं. कोपरापर्यंत जोरात गेला, त्याच्या वर रेटून गेला, आणि अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. साहेब म्हणाले ओढा, ठिणगी म्हणाला वंगण आणा. मी साबणाचं पाणी घेऊन त्यांच्या दंडाला चोळायला बसले. ते आधी हसत होते. “बघा आई, कुणी नाही. काही नाही. रिकामी आहे.” मग त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि खालून माणूस निघून गेला. अगदी हळू आवाजात त्यांनी मला विचारलं,

“आई, तुमचे हात कुठायत?”

“हे काय, दोन्ही इथे. साबण लावतेय.”

त्यांनी कान पत्र्याला टेकवला, मोठ्या माणसाचं ऐकताना आपण वाकतो तसा. बराच वेळ ऐकत होते. मधे एकदा मान हलवली. मग पुटपुटले. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. बाकी कुणाला नाही. ते म्हणाले, “हो... चला.”

आणि हात सुटला. सरकन नाही; सावकाश, आधी कोपर, मग मनगट, आणि सगळ्यात शेवटी अर्धवट मिटलेली मूठ. अरुंद दारातून म्हाताऱ्या माणसाला जपून बाहेर आणावं तशी. कान लावताना खाली पडलेला काळा चष्मा त्यांनी उचलला नाही. उजवा हात अंगापासून जरा लांब धरून, नेहमीपेक्षा लहान पावलं टाकत उन्हात चालत गेले. ठिणगी म्हणाला, लागलं वाटतं हाताला. मी हो म्हटलं.

टाकी मी धुतली. पेल्यातलं पाणी पहिल्याच फेरीत काचेसारखं. विमान उडलं, उतरलं, पुन्हा उडलं. आता सगळं ठाकठीक आहे. तर विहीणबाई, ही अशी हकिगत. मी विमान अडवलं ते या कारणाने. माझ्या डोक्यावर परिणाम झालेला नाही आणि हवापालटही नको. तुमच्याकडून काही मागावं म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही, गैरसमज दूर व्हावा एवढाच हेतू. व्याहीबुवांना नमस्कार. त्यांना हे पत्र वाचून दाखवणार असाल तर कवळी काढून ठेवायला सांगा.

तुमच्या मनात राग उरला नसेल अशी खात्री धरून बसलेली,
तुमची विहीण

ता. क. जावईबापू येत्या आठवड्यात तुमच्याकडे राहायला येताहेत असं लेक म्हणाली. त्या दिवशी टाकीत काय झालं ते त्यांनी मला सांगितलेलं नाही, तिलाही नाही. ‘हो, चला’ म्हणाल्याचं तर साफ नाकारतात. आईपाशी कदाचित बोलतील. विचारून बघा, पण उजव्या बाजूला बसून विचारू नका. त्या बाजूला ते हल्ली जागा ठेवतात.

आणखी एक ता. क. लेकीच्या घरी हल्ली भांडी घासलेली सापडतात. कढईच्या बुडाचं काळंही गेलं, आणि माडीच्या खिडक्या बाहेरून पुसल्या गेल्या. लेक म्हणते, ‘हे’ करतात. जावईबापू म्हणतात, ती करते. दोघं एकमेकांवर इतके खूश आहेत की मी तोंड उघडलं नाही. तुमच्याकडे असं काही झालं तर स्वयंपाकघराचं दार लोटून घ्या आणि आत डोकावू नका. नखांचा आवाज आला तर तेवढा एक ब्रश आत ठेवा.

शेवटचं. माझ्याकडे टाक्या साठल्या आहेत, आणि दुसऱ्या पडद्यापलीकडे माझा हात पुन्हा पोचत नाही. सगळ्या टाक्या चाचपून बघितल्या. आत कुणी नाही, श्वाससुद्धा एकटा माझाच येतो. मदतीचं माणूस असं लेकीच्या सासरी गेलेलं कुठल्या तोंडाने परत मागायचं, हा संकोच वाटतो म्हणून मुख्य पत्रात लिहिलं नाही. तुमचे गुडघे बघता तुम्हाला चार दिवस राहू द्यावंसं वाटेल, राहू द्या. पण मग मुलाला निरोप देताना, विहीणबाई, एवढं माझं ऐका. त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका.